सहाशे बारावं पान

पौडच्या एसटी स्टँडबाहेर नथूचं चहाचं दुकान आहे आणि दुकानापुढं दोन बाकडी. रविवारी सकाळी या बाकड्यांवर कट्टा जमतो आणि ईश्वर, पुनर्जन्म आणि वाचनालयात नव्यानं आलेली कादंबरी, अशा तिन्हींचाही निकाल लागतो. पुढच्या रविवारी तो निकाल फिरतो, ते सोडा. एका कादंबरीतली नायिका शेवटी विहिरीत गेली ती नशिबानं, की लेखकाला पुढचं सुचेना म्हणून, यावर एकदा तीन रविवार गेले आणि दोन भल्या माणसांचं बोलणं कायमचं बंद झालं.

या सगळ्या वादांना न चुकता हजर राहून सगळ्यात कमी बोललेलं माणूस म्हणजे चंद्रकला ओव्हाळ. ती बाकड्यावर बसत नसे. दुकानाच्या पायरीवर बसायची, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत निळ्या पुठ्ठ्याचा जाडजूड ग्रंथ. ग्रंथ शरदचंद्र गुरुजींचा. काचबिंदूनं गुरुजींचे दोन्ही डोळे गेले होते, तेव्हा वाचायचे डोळे चंद्रकलेचे आणि मतं गुरुजींची, अशी वाटणी होती. ती त्यांना हाताला धरून आणायची, बाकड्यावर टेकवायची आणि स्वतः पायरी गाठायची. बाकड्यावर जागा नसे असं नाही. तिला कुणी 'बस' म्हटलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

गुरुजी ऐंशीचे, ती साठीची. अंगणवाडीत मदतनीस होती, तिथून सुटल्यावर गुरुजींच्या सुनेनं, सोनलनं, तिला दुपारच्या वाचनाला लावून घेतलं. सून आणि मुलगा दोघंही सकाळी हिंजवडीला जातात ते दिवेलागणीला येतात. म्हातारा दिवसभर भिंतीशी वाद घालतो, ते तिला बघवेना. आता ऐंशीचा आंधळा आणि साठीची विधवा रोज दुपारी दोन तास काय करतात, याचा तपास गावानं करू नये तर कुणी करावा? शेजारची रत्नाबाई तीनदा साखर मागायला गेली. तिन्ही वेळा तिला ब्रह्म आणि माया ऐकू आली. चौथ्यांदा ती गेली नाही. साखर घरात होतीच.

पण रत्नाबाईला जे कळलं नाही, ते त्या दुपारांमध्ये खरंच चाललं होतं. चंद्रकला ग्रंथात स्वतःचं मिसळत होती.

सुरुवात आळसानं झाली. एका दुपारी डोळे मिटायला लागले म्हणून तिनं अर्धं पान गाळलं. गुरुजींच्या लक्षात आलं नाही. उलट म्हणाले, आज ग्रंथकार फार नेमकं बोलला. या ग्रंथकाराचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं, कारण सुरुवातीची बारा पानं उंदरांनी कुरतडून नेली होती. पुढं तिनं एखादा 'तथापि' घातला, कधी एक अख्खं वाक्य. सातवीपर्यंतचं तिचं शिक्षण, तेही गुरुजींच्याच हाताखालचं. पण सहाशे पानं मोठ्यानं वाचली की ती भाषा माणसाच्या जिभेवर चढते. 'परंतु', 'वस्तुतः', 'एवढेच नव्हे तर' हे तिला आता भाकरी थापण्याइतकं सहज यायचं. मजा अशी की गुरुजी त्या वाक्यांवर खूश व्हायचे. तिनं तेच मत स्वतःच्या तोंडानं मांडलं, तर म्हणायचे, "तुला काय कळतंय त्यातलं? वाच पुढे." तेच ग्रंथकारानं म्हटलं, की हनुवटी छातीला लावून विचार करत बसायचे.

आता हे सगळं थट्टेवारी नेता आलं असतं, मध्ये सोनू नसता तर.

सोनू तिचा मुलगा. चोवीस वर्षांपूर्वी, नऊ वर्षांचा, गुरुजींच्याच शाळेत चौथीत. पावसात गुरांसाठी गवत कापायला आईबरोबर गेला आणि त्याला पान लागलं. साप चावला असं आपल्याकडं सरळ म्हणत नाहीत, म्हणून पान. वस्तीजवळच्या ओढ्याला पूर आला होता. दवाखान्यात न्यायला आलेली जीप पलीकडं उभी, मायलेक अलीकडं. दोन तास पाणी उतरायची वाट बघत ती काठावर बसली. पाणी उतरलं तेव्हा जीपची गरज राहिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी गुरुजी भेटायला आले. छत्री बाहेर टेकवली, उंबऱ्यातच उभे राहिले. सांत्वनासाठीच आले होते, त्यात खोट नाही. म्हणाले, "चंद्रकला, ज्याचं त्याचं संचित असतं. मागच्या जन्मीचं कुठंतरी फेडावंच लागतं. तू शहाणी आहेस."

नवऱ्यानं हात जोडले. तिनं जोडले नाहीत. पण तो उंबरा आणि ते वाक्य तिच्या मनातून गेलं नाही. नऊ वर्षांच्या पोरानं काय केलं होतं मागच्या जन्मी? आणि केलं असेल तर ते गुरुजींना कुणी सांगितलं? नवरा गेला, पोरींची लग्नं झाली, विहारात वंदनेला बसली, तरी हा प्रश्न होता तिथंच. तिला गुरुजींकडून माफी नको होती. त्यांच्या तोंडून एवढंच हवं होतं, की पोराचं काही चुकलं नव्हतं. मागून मिळणार नाही हे तिला ठाऊक होतं, कारण एकदा कट्ट्यावर प्रारब्धाचा विषय निघाला तेव्हा ती पायरीवरून "पण गुरुजी" एवढंच बोलली होती, तर बाकड्यांवरची सगळी डोकी अशी वळली की जणू नथूच्या स्टोव्हला वाचा फुटली.

मग गेल्या माघात ग्रंथात कर्माचं प्रकरण आलं. सहाशे बाराव्या पानावर ती थांबली, पाणी प्याली आणि ग्रंथात नसलेलं वाचू लागली. आवाज तोच ठेवला.

"'ज्या घरी मूल गेले, त्या घरी कारण सांगावयास जाणारा मनुष्य ज्ञानी नव्हे. त्यास स्वतःच्या घराचे भय वाटत असते. कारण सापडले की ते भय शमते, एवढेच. मुलाचा त्यात काही दोष नसतो.'"

गुरुजींनी पुन्हा वाचायला लावलं. तिनं अक्षर न चुकता पुन्हा म्हटलं. पाठच होतं, चोवीस वर्षांचं. गुरुजी बराच वेळ कपाळ चोळत राहिले. मग म्हणाले, "हा माणूस पुस्तकातून बोलत नाही. कुणाच्या तरी दारात उभं राहून आलेला आहे. चंद्रकला, मी आयुष्यभर उलट सांगत आलो."

तिनं ग्रंथ मिटला आणि त्या दिवशी अर्धा तास आधीच घरी गेली. वाटेत भेटलेल्या रत्नाबाईशी ती हसून बोलली म्हणे; रत्नाबाईनं त्याचाही वेगळाच अर्थ लावला.

इथंच थांबलं असतं तर बरं होतं. पण नवा विचार सापडला आणि तो कट्ट्यावर मांडला नाही, तर झोप येईल का? रविवारी गुरुजींनी जाहीर केलं, की प्रारब्धाबद्दलचं आपलं मत आपण मागे घेतो.

याचा सगळ्यात मोठा धक्का सोमनाथला बसला. तहसील कचेरीतून निवृत्त झालेला हा सोमनाथ देव मानत नाही. सत्यनारायणाचा प्रसाद मात्र दोनदा घेतो, शिऱ्याचा काय दोष म्हणून. बारा वर्षं तो गुरुजींशी याच मुद्द्यावर भांडत होता. आता समोरचा आपण होऊन हरतोय, तेही आपल्यामुळे नव्हे, कुठल्या तरी उंदरांनी खाल्लेल्या ग्रंथामुळे, हे त्याला सोसेना. कचेरीत हयात गेलेली. कागद बघितल्याशिवाय तो कशावर विश्वास ठेवत नाही. पान कितवं, त्यानं विचारलं. गुरुजींनी अभिमानानं सांगितलं, सहाशे बारा. सोमनाथनं चंद्रकलेच्या पिशवीतून ग्रंथ काढून घेतला आणि चष्मा वर-खाली करत सहाशे बारा वाचलं. मग सहाशे अकरा. मग तेरा.

"गुरुजी, असं काही नाही यात."

"नीट बघ."

"नीटच बघितलं. इथं उलटं लिहिलंय. तुमचं जुनं मत."

गुरुजींनी चेहरा पायरीच्या दिशेनं वळवला. "चंद्रकला, पान बरोबर आहे ना?"

खोटं बोलायला जागा भरपूर होती. मूळचीच बारा पानं गायब असलेला ग्रंथ. अजून एक पान गळालं म्हटलं असतं तर सोमनाथ पुढं काय करणार होता? गुरुजींचा मान राहिला असता, तिचं वाक्यही राहिलं असतं. पण तिला वाटलं, वाक्य तर त्यांना पटलंय. पटलेलं आता कुठं जाईल? ती उभी राहिली.

"ते ग्रंथात न्हाई, गुरुजी. ते माझं हाय. सोनूचं हाय."

नथूनं स्टोव्ह बारीक केला. स्टँडात कोळवणची गाडी लागल्याचं पुकारत होते, ते पहिल्यांदाच कट्ट्यावर नीट ऐकू आलं. गुरुजींचे हात काठीवर एकावर एक होते. आवाज शाळेतलाच निघाला.

"मग तो विचार नव्हे. आईचं रडणं आहे ते. रडण्यावर मत बदलत नसतात."

कुणीतरी सुटल्यासारखा श्वास सोडला. ती सोमनाथकडं बघत राहिली, कारण तिच्या बाजूचा माणूस कट्ट्यावर असेल तर तोच होता. बारा वर्षं तो वेगळं काय म्हणत होता? सोमनाथनं ग्रंथ मिटून तिच्या पिशवीवर ठेवला आणि म्हणाला, "मुद्दा बरोबर असेल बाई, पण ही काय पद्धत झाली? आंधळ्याला फसवायचं?" यावर सगळ्यांचं एकमत झालं. त्या कट्ट्यावर झालेलं ते पहिलंच एकमत.

त्या दिवशी गुरुजींना आणि ग्रंथाला घरी सोमनाथनं सोडलं.

सोनलनं मग गुरुजींच्या फोनवर वाचून दाखवणारं ॲप घालून दिलं. फोन बातम्या वाचायचा, पण तो जुन्या छपाईचा ग्रंथ त्याला वाचता येईना. आणि ज्याच्याशी भांडता येत नाही त्याचं ऐकायची गुरुजींना सवय नव्हती. रविवारचा कट्टा त्यांनी सोडला. वैशाखात त्यांचं अन्न सुटलं. एका दुपारी सोनल गाडी घेऊन वस्तीवर आली आणि मान खाली घालून म्हणाली, "मावशी, बाबा तुमचं नाव काढतायत."

चंद्रकला गेली. गुरुजी खाटेवर, चादरीखाली उरलेत किती हे शोधावं लागेल इतके. त्यांनी ग्रंथ उशाशीच ठेवून घेतला होता.

"सहाशे बारा काढ," ते म्हणाले.

तिनं काढलं आणि वाचलं. जे होतं तेच, स्वल्पविरामासकट. प्राक्तन, संचित, भोग. पान संपलं. गुरुजी वाट बघत राहिले.

"पुढं?"

"पुढं नवीन प्रकरण लागतंय."

"तू वाचायचीस तसं वाच, चंद्रकला."

तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. चार वाक्यं, म्हटली असती तर अर्धं मिनिट. तिनं गुरुजींच्या डोळ्यांकडं बघितलं. ते छताकडं लागलेले, ओले.

"हाय तेवढंच वाचते मी आता, गुरुजी."

मग त्यांनी विचारलं, "सोनू चौथीत होता ना?"

"व्हय. चौथीत."

ती थांबली. ग्रंथ मांडीवर उघडा ठेवून, पान न उलटता, पाच वाजेपर्यंत थांबली. गुरुजींचे ओठ दोनदा हलले. पण आयुष्यभर ज्यांना बोलायला शब्द कमी पडले नाहीत, त्यांच्याकडून पुढचं एक वाक्य काही आलं नाही. गुरुवारी पहाटे ते गेले. लोक आले आणि सोनलला सांगू लागले, की पुण्यवान माणूस, झोपेत सुटला. सगळ्यांना कारण सापडलं होतं.

रविवारी नथूच्या दुकानापुढं श्रद्धांजली झाली. फोटोला हार, बाकडी भरलेली. चंद्रकला पायरीवर. सोमनाथ बोलायला उभा राहिला, गहिवरला, आणि म्हणाला की गुरुजींचं एक वाक्य आपण मरेपर्यंत विसरणार नाही. "ज्या घरी मूल गेलं, त्या घरी कारण सांगायला जाणारा माणूस ज्ञानी नव्हे." माना डोलल्या. एकानं डोळे पुसले. दोघांनी फोनमध्ये लिहून घेतलं. सोमनाथनं हे मुद्दाम केलं का? तसं वाटत नाही. त्याला बहुतेक तसंच आठवत होतं.

माणसं पांगल्यावर नथूनं पायरीवर चहा आणून ठेवला. तो कधी वादात पडत नाही, पण कान त्यालाही आहेत.

"मावशी, ते वाक्य तुमचं ना? सांगा की त्यांना."

चंद्रकलेनं कप दोन्ही हातांत धरला, फुंकर घातली.

"गुरुजींचंच असू द्या, नथूभाऊ. माझं म्हनलं की त्याचं रडणं हुतंय."