घ्यायचं नसलं तरी बघा

सज्जनबाईंच्या दुकानातून एखादी बाई मोकळ्या हातानं परत गेल्याचं आमच्या गावात कुणाच्या ऐकिवात नाही. मारवाडातून आलेल्या जैन घरातल्या त्या सून. तीस वर्षं गादीवर बसून साड्या दाखवतायत. एकीकडे घडी मोडायची, दुसरीकडे बोलायचं. अशी बाई ग्रामसभेत बोलणार म्हटल्यावर मी निर्धास्त होतो. शिवाय भाषण मी लिहिलं होतं. चौदा वर्षं वक्तृत्व स्पर्धेची मुलं तयार करतोय, तेवढा गर्व मला आहेच.

विषय होता बाजारतळावर बायकांसाठी स्वच्छतागृहाचा. मढ गावची ठमाबाई पहिल्या एसटीनं भाजी घेऊन यायची आणि दिवसभर पाण्याचा थेंब घ्यायची नाही. जायचं कुठं? सज्जनबाईंनी घराचं दार उघडं ठेवलं होतं, पण लोकांच्या घरात किती वेळा शिरायचं म्हणून ती लाजायची. उन्हाळ्यात ती चक्कर येऊन मेथीच्या जुड्यांवरच पडली, तेव्हा सज्जनबाईंनी हे मनावर घेतलं. दोन अर्ज दिले. दोन्हींना उत्तर एकच, बघू.

सभेत त्या माइकसमोर आल्या, 'सन्माननीय व्यासपीठ' म्हणाल्या आणि थांबल्या. पुढचं अक्षर आठवेना. हात नुसते पदराशी चाळा करत होते. मागं कुणीतरी हसलं. माझी दोन पानं पाण्यात गेली आणि खरं सांगतो, मला त्यांचा रागच आला.

टेबलावर सत्काराच्या शाली होत्या. बाईंनी त्यातली एक उचलली, घडी मोडली आणि एका झटक्यात सरपंच दादाभाऊंच्या पुढ्यात पसरली. दादाभाऊंना चहाचा कप उचलावा लागला. हाताला कापड लागलं तशी बाईंची जीभ सुटली.

"घ्यायचं नसलं तरी बघा, भाऊ. बघायला काय जातंय?"

हा काठ म्हणजे एसटीचा रस्ता, मधे बाजारतळ, इथं मेथीवाल्या बसतात, असं त्या सांगत गेल्या. त्यांचं बोट फिरेल तशा माना फिरत होत्या. ठमाबाई पडली ती जागा त्यांनी दाखवली. मग शालीची दोन टोकं धरून त्यांनी विचारलं, "टाकीजवळची जागा बरी, का शाळेच्या भिंतीलगतची?"

पुढं बसलेला रामदास म्हणाला, टाकीजवळची, पाणी जवळ पडेल. दुसरा शाळेवर अडून बसला. अर्धा तास वाद झाला, शेवटी टाकीसाठी हात वर झाले. बांधायचं का नाही, हे विचारायचं सगळेच विसरले. दादाभाऊंच्या ते ध्यानात आलं तोवर ठरावावर त्यांची सही झाली होती. मग तेही हसले.

सभा संपल्यावर हे कसं जमलं, असं मी विचारलं.

"गुरुजी, गिऱ्हाइकाला पाहिजे का, असं इचारायचं नसतं," त्या शालीची घडी घालत म्हणाल्या. "यातलं कुठलं, असं इचारायचं."

तेव्हापासून वक्तृत्वाच्या पोरांच्या हातात मी आधी टॉवेल देतो, मग भाषण.

दिवाळीआधी बांधकाम झालं. पुढच्या बाजारी ठमाबाई दुकानाच्या पायरीवर येऊन बसली आणि तिनं पाणी मागितलं. सज्जनबाईंनी तांब्या भरून दिला. ठमाबाईनं तो एका दमात संपवला आणि परत पुढं केला.

"आजून भरा," ती म्हणाली.