जोगतिणीनं नाव विचारलं

चार महिने झाले, तरी हे लिहायला घेतलं की हात थांबतो. देवावर माझा विश्वास होता की नव्हता, हे आजही नीट सांगता येत नाही. पण त्या दिवशी आमच्या घरात जे घडलं, ते मीही हात जोडून पाहत उभा होतो. सोलापुरातल्या एका शाळेत मी मुलांना शरीरशास्त्र शिकवतो, म्हणून हे आधीच कबूल करतो.

माझी धाकटी बहीण शांता बावीस वर्षांची होती. पावसाळा सरताना तिला ताप आला. अंग असं ठणकायचं, की कूस बदलताना रडायची. गल्लीत तेव्हा घरोघरी तोच ताप होता. सगळे त्याला हाडमोड्या ताप म्हणत, आणि तो आपोआप उतरायचा. शांताचाही पाचव्या दिवशी उतरला. आईनं न्हाऊ घालायला पाणी तापत ठेवलं, आणि त्याच सकाळी शांता उठून बसली. आढ्याकडे पाहत मोठ्यानं काहीबाही बोलू लागली, निम्मं मराठी, निम्मं कानडी. केस सुटलेले, अंग थरथरत होतं. तिनं आईला ओळखलं नाही.

"यल्लम्मा आलीय अंगात," आई म्हणाली आणि तिच्या पायाशी बसली. शेजारणी ओटी घेऊन आल्या. डॉक्टरांना दाखवू या, असं मी आईला एकदाच म्हणालो.

"देवीला सुई टोचणार होय रे? कोपली म्हंजे?"

बहिणीच्या कपाळाला मीही कुंकू लावलं, पाया पडलो. कपाळ गार आणि ओलसर लागलं, हे लक्षण बरं नव्हे, तेही मला कळलं होतं.

दुपार झाली. देवीचं मागणं काय, हे विचारायला आईनं रस्त्यानं जाणाऱ्या एका म्हाताऱ्या जोगतिणीला हाक मारली. तिनं डोक्यावरची देवीची टोपली खाली ठेवली, शांताची हनुवटी धरली आणि कानडीत विचारलं, "तू कोण? नाव सांग." तीनदा विचारलं. शांता नुसती बघत राहिली. मग तिचे डोळे वर गेले, दातखीळ बसली. शेजारणी "उदं गं आई" म्हणू लागल्या.

"गप बसा की गं!" जोगतीण ओरडली. "देवी आली की नाव सांगती, मागणं सांगती. हिला सोताचं नाव ठावं न्हाय. ताप डोस्क्यात शिरलाय हिच्या." मग माझ्या खिशातल्या पेनाकडे बघून म्हणाली, "तुमी तर शिकलेले दिसता की. उभं काय ऱ्हायलाय? टांगा आना!"

माझं न ऐकणारी आई तिचं ऐकून उठली.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, हा डेंग्यू. क्वचित तो मेंदूपर्यंत जातो, पुस्तकात दोन ओळी आहेत, आम्हीही पहिल्यांदाच पाहतोय. सकाळीच आणलं असतं तर, असं मी विचारलं. ते सलाईनची बाटली बदलू लागले.

तिसऱ्या दिवशी शांता शुद्धीवर आली. "दादा, कपाळाला काय रे हे?" मी सगळं सांगितलं. ती ओठांतल्या ओठांत हसली. "मला देवी केलंत? पाया पडलास की नाही?"

"पडलो."

"लई शहाणा. आईला रागावू नको हं." मग "अव्वा" म्हणून आईला हाक मारली आणि तिच्या हातून चार चमचे पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

जोगतिणीला मी नंतर पुष्कळ शोधलं, सापडली नाही. आम्ही सगळे देवीला भीत होतो, ती एकटी देवीला ओळखत होती. हात जोडून उभं राहणं म्हणजे शरण जाणं, असं मला वाटायचं. त्या बाईनं माझे जोडलेले हात सोडवले. माझ्या हातून व्हायचं ते उशिरा का होईना झालं. पुढचं माझ्या हातात नव्हतंच, हे मी आता हळूहळू मानायला शिकतो आहे.

आई अजून विचारते, "तिनं मला ओळखलं होतं न्हवं?"

मी "व्हय" म्हणतो. तेवढं आम्हाला दिलं गेलं.