पान एकेचाळीस

१९ जानेवारी २०२१, सकाळी अकरा. आयर्लंडमधल्या नास गावी माझ्या मुलाच्या घरामागील सामाईक भिंतीवर पेन्सिलीचे दोन ठोके पडले. शेजारचे वृद्ध आयरिश गृहस्थ मला असेच बोलावत आणि टाळेबंदीच्या नियमाप्रमाणे सहा फूट मागे सरून विचारत, "कागद काय म्हणतो?"

अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. पाऊस येणार म्हटले, तर हे विचारीत, "लेखी आहे?"

त्यांचे आजोबा हिंदुस्थानात इंजिनचालक होते. पहिल्या महायुद्धात रेल्वेच्या गोऱ्या नोकरांची स्वयंसेवक पलटण होती, तीत ते शिपाई. नातू त्या पलटणीचा इतिहास लिहीत होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती. हस्तलिखित त्याआधी छापखान्याकडे जायचे होते. मी भारतात रेल्वे कारखान्यात चौतीस वर्षे काढलेली, म्हणून ते तपासायला माझ्याकडे होते.

"पान एकेचाळीस," मी म्हणालो. "'कारखान्यावर चालून आलेल्या दंगेखोरांना पलटणीने परतवले.' हे कुठून आणलंत?"

"आजोबांच्या डायरीतून. पाचचा भोंगा झाला, फाटक उघडलं, जमाव पुढे आला, आम्ही गोळ्या झाडल्या. सगळं लेखी आहे."

"पाचच्या भोंग्याला फाटक आतून उघडतात. पाळी सुटते. चालून कोणी आलं नव्हतं. माणसं घरी निघाली होती."

मी भिंतीवर ठेवलेले हस्तलिखित उचलून त्यांनी पान एकेचाळीस काढले.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची बहीण कडाडली, "ते पान आहे तसंच राहू दे! आजोबांचं नाव आहे गावात!"

"तू सूप बघ, करपतंय," ते म्हणाले. मग आवाज उतरवून मला, "उद्या मी उठलो नाही, तर छपाईचं सगळं हीच पाहणार. ती हे गाळेल."

चार वाजता पुन्हा ठोके पडले. त्यांनी नवे पान वाचून दाखवले: "पाळी सुटून घरी निघालेल्या निःशस्त्र कामगारांवर पलटणीने गोळ्या झाडल्या. झाडणाऱ्यांत माझे आजोबा होते."

"बरोबर?"

"बरोबर."

"ग्रँड," ते म्हणाले. 'छान' या अर्थाचा हा आयरिश शब्द एरवी ते हसून उच्चारीत.

शस्त्रक्रियेनंतर ते घरी आले नाहीत. अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती. मी त्यांत नव्हतो.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीचे त्यांचे शेवटचे काम मी वरच्या खिडकीतून पाहिले. बहीण फोनवर होती. ते सपाता घालूनच कोपऱ्यावरच्या हिरव्या टपालपेटीपर्यंत गेले, छापखान्याचा लिफाफा आत टाकला, आणि तो मध्येच अडकलेला नाही ना, हे पाहण्यासाठी मनगटापर्यंत हात आत घातला.