पहिल्या तारखेच्या सह्या

दुपारचे अडीच वाजलेत. पोरं खिचडी खाऊन घरी गेली आहेत, मदतनीस भांडी घासून कपाटात कुलूपबंद करून गेली आहे, आणि शालनबाई अंगणवाडीच्या सतरंजीवर अंग टाकतात. अठ्ठावन्नाव्या वर्षी झोप कसली, नुसती ग्लानी. छातीवर एक कागद आहे. वैजयंता चार वाजता तो न्यायला येणार, कारण उद्या चौकशीचे साहेब गावात येतायत. मजकूर वैजयंताच्याच अक्षरात आहे: ‘माझी आई, सरपंच सुगंधा लवटे, हिला लिहिता-वाचता येत नव्हतं, फक्त सही येत होती.’ खाली साक्षरता वर्गाच्या बाईंची, म्हणजे शालनबाईंची सही तेवढी राहिली आहे.

गावच्या टाकीत रोज औषधाची पावडर पडायला हवी, आणि पडली म्हणून सरपंचाने वहीत रोज सही करायला हवी. सुगंधा महिन्याच्या सगळ्या सह्या पहिल्या तारखेलाच उरकायची. पावडर पडलीच नाही. कावीळ आली, चार माणसं गेली. त्यातली दोन याच सतरंजीवर बसून जेवणारी. महिन्याभरात सुगंधाही त्याच काविळीने गेली. तिच्या नावावर कारभार हाकणारा नवरा उजळ माथ्याने फिरतोय आणि गाव मेलेल्या बाईच्या नावाने बोटं मोडतंय. आई अडाणी ठरली की निर्दोष ठरेल, एवढाच लेकीचा हिशेब.

“बाई, सरका की जरा.”

सुगंधा शेजारी येऊन बसते. डोळे अजून पिवळेच आहेत. शालनबाई दचकत नाहीत. घाबरायलाही अंगात जोर लागतो.

“बरी आहेस?”

“आता काय व्हायचंय मला?”

दोघी टाकीच्या माथ्यावर पाय सोडून बसल्या आहेत. खाली गावाची छपरं. अंगणवाडीतले फळांचे तक्ते जागच्या जागी लटकतायत, फक्त मागची भिंत नाही.

“तुला फसवलं गं त्यांनी,” शालनबाई म्हणतात.

“हे म्हणाले, रोज कोण पंचायतीत जाणार, एकदाच उरकून टाक.”

“मग दोष त्याचा.”

“वही मी वाचली व्हती, बाई. वर छापलेलं व्हतं, आज पावडर टाकली. आज! आन् मी तीस दिवसांचं आज एका बैठकीत करून मोकळी झाले.”

“टाकतील असं वाटलं असेल तुला.”

“वाटलं. द्येवाशपथ वाटलं. पर हा जिना चढून एकदाबी बघितलं न्हाई.”

जिना उतरून शालनबाई सुगंधाच्या स्वयंपाकघरात येतात. चुलीवर उकळलेल्या पाण्याचं पातेलं झाकलेलं आहे आणि सुगंधा नळाखाली पेला धरून उभी आहे.

“ते पिऊ नकोस! कावीळ आली तेव्हा मी घरी येऊन सांगून गेले होते ना, उकळून पी म्हणून?”

“ती दोन लेकरं उकळून पीत व्हती व्हय?”

इतके दिवस शालनबाई जे कुणापाशी बोलल्या नाहीत, ते त्यांच्या तोंडातून निघून जातं. “नळाला औषधाचा वास येत नाही, हे मला कळलं होतं, सुगंधा. तीन आठवडे कळत होतं. सांगू उद्या, सांगू उद्या, करत राहिले. कंटाळा, दुसरं काय. आणि रोज पोरांना तेच पाजलं.”

त्या ढसाढसा रडतात. सुगंधा त्यांना गप्प करत नाही, बोलही लावत नाही.

“मला ठावं हाय,” एवढंच म्हणते.

मग ती समोर मांडी घालते. पाटीपेन्सिली, कंदील, वर्गातल्या बायका, सगळं तसंच. ती पेला कागदावर ठेवते आणि बोट फिरवत वाचू लागते. “सुगंधा लवटे... हिला... लिहिता... वाचता...” पुढचं मनातच वाचते. तिचा चेहरा पडतो.

“बाई, पाय सुजायचे खुरपून, तरी मी वर्ग चुकीवला न्हाई. लगीन बापानं ठरीवलं. इलेक्शनला हुबं ह्यांनी केलं. वाचायचं तेवढं माझं मी शिकले. त्येबी काढून घेताय?”

“तुझं नाव सुटेल गं.”

“आन् मी?”

कडी वाजते. “बाई, झाली का सही?” दारात वैजयंता.

शालनबाई उठून बसतात. कागदावर पेल्याच्या बुडाएवढं ओलं गोल उमटलं आहे, गार लागतंय, आणि ‘येत नव्हतं’ची शाई पसरली आहे. आजूबाजूला पेला नाही. कपाटाला कुलूप आहे.

“बस,” त्या म्हणतात. “हा नको. मी दुसरा लिहिते. तुझ्या आईला वाचता येत होतं.”

वैजयंताचा चेहरा उतरतो. “आसं लिवलं तर आईवरच येणार सगळं.”

“सगळं नाही. तिचं तेवढं येईल. पाण्याला वास येत नव्हता आणि मी गप्प बसले, हेही लिहिणार आहे.”

वैजयंता उंबऱ्यावर बसते. चौदाव्या वर्षी लग्न होऊन गेलेली पोर. त्यानंतरच्या आईची तिला फारशी माहितीच नाही.

“काय वाचायची ती?” ती विचारते.

“पोरांच्या खाऊच्या पाकिटांवरचं. इथं येऊन मोठ्यानं वाचून दाखवायची त्यांना. अडखळायची, पण सगळं वाचून झाल्याशिवाय पाकीट फोडू द्यायची नाही.”