तीनदा विचारायचं

मुलीच्या वर्गात देशांच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या. कुणाला फ्रान्स आला, कुणाला जपान. आमच्या बाईसाहेबांना आला भूतान. घरी आल्या आल्या दप्तर आपटलं. "आई, नोबडी नोज भूतान!"

"अगं बाई, समोरच्याच दारात राहतंय की भूतान," मी म्हटलं.

अमेरिकेत, ॲन आर्बरच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये समोरची शेजारीण भूतानची. जंगलांचा अभ्यास करायला दोन वर्षांसाठी युनिव्हर्सिटीत आलेली, चाळिशीची, एकटी. हिंदी सिनेमे बघून शिकलेलं तिचं हिंदी माझ्या नागपुरी हिंदीपेक्षा कितीतरी सरस. मुलगी तिला मावशी म्हणायची. तोवर आमची ओळख मात्र जिन्यातल्या 'फार थंडी आहे' एवढीच. एकदाच, जानेवारीत, मी तिला जेवायला बोलावलं होतं. चांगला वडाभात केला होता, वर हिंगाची फोडणी. एक वाढप झाल्यावर मी विचारलं, "अजून?" तिने तोंडावर हात ठेवून मान हलवली. मी भांडं उचलून आत नेलं. मनात म्हटलं, मिरचीच्या देशातली बाई, पण पोट चिमणीचं.

आता मी नागपूरची. आमच्याकडे पाहुणा ताटावर आडवा झाला तरी वाढणाऱ्याचा हात थांबत नाही. पण इथे आल्यावर पहिल्याच वर्षी ऑफिसातल्या एका गोऱ्या सहकाऱ्याला मी श्रीखंडाचा असा काही आग्रह केला, की शेवटी तो बिचारा लालबुंद होऊन म्हणाला, "मी नो म्हटलं होतं." नवऱ्याने गाडीत बसल्यावर माझी शाळा घेतली. तेव्हापासून मी एकदाच विचारते. नो म्हणजे नो. सुधारलेच म्हणायची मी!

तर प्रोजेक्टसाठी मुलगी वही घेऊन मावशीकडे गेली. मीही मागोमाग गेले, चहाच्या निमित्ताने. मावशीने नकाशा काढून दिला. वर तिबेट, खाली आपण, मधे डोंगरात चिमटीत धरल्यासारखा तिचा देश. कुणाही परक्याने कधी राज्य केलं नाही, हे सांगताना तिची मान ताठ झाली. राजधानीत सिग्नल नाहीत, चौकात पोलीस हातवारे करून गाड्या सोडतो. सगळ्यात उंच शिखरावर कुणी चढलेलं नाही, कारण तिथे देव राहतात आणि देवाच्या डोक्यावर पाय द्यायचा नसतो. शरद ऋतूत घरांच्या छपरांवर लाल मिरच्या वाळत घालतात. मिरची तिथे मसाला नाही, भाजी आहे, चीजमध्ये शिजवलेली. तिने वाटीभर चाखायला दिली आणि माझा नागपुरी तोरा तिथल्या तिथे उतरला. डोळ्यांतून धारा! मुलगी पोट धरून हसली.

मग मुलीने विचारलं, "मावशी, तुमच्याकडचे मॅनर्स काय?"

ती म्हणाली, कुणी काही वाढलं, तर आधी तोंडावर हात ठेवून "मेशू, मेशू" म्हणायचं. म्हणजे नको, नको. भूक असली तरी. समोरच्याने दुसऱ्यांदा विचारायचं, तिसऱ्यांदा विचारायचं, मग घ्यायचं. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणं म्हणजे हावरटपणा.

मुलीचं पेन थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं. "आई! वडाभात! शी वॉज हंग्री!"

मावशी खाली बघून हसली. लाजेने मेले मी. त्या बर्फात तिने घरी जाऊन काय खाल्लं असेल? विचारलं, तर म्हणाली, "नूडल्स."

घरी आले, पण नूडल्स डोक्यातून जाईनात. आणि मग एकदम दुसरंच काहीतरी आठवलं.

चारच दिवसांपूर्वी माझ्या आईची बायपास ठरली होती. फोनवर मी विचारलं होतं, "येऊ का गं?" ती म्हणाली होती, "नको. इथे दादा आहे, वहिनी आहे. तू कशाला धावपळ करतेस?" मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. खरं सांगते, मला ते 'नको' सोयीचं होतं. पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला. एकदा गेलं, की नवा शिक्का मिळेपर्यंत तिथेच अडकायची भीती. नोकरी, मुलीची शाळा. आईने स्वतःच नको म्हटल्यावर मी सुटले होते. पंचवीस वर्षं त्या बाईच्या हातचं जेवले, तिचं 'नको' मला ओळखता येऊ नये?

शनिवारी सकाळी फोन लावला. तिकडे ती दिवा लावून बसली होती.

"आई, येऊ का?"

"सांगितलं ना, नको."

"आई, मी येते."

"व्हिसाचं काय करशील? उगाच डोक्याला ताप. नको."

"आई, मला यायचंय. येऊ?"

पलीकडे टीव्ही चालू होता. तिने तो बंद केला. मग म्हणाली, "बुधवारी ॲडमिट करणार आहेत. तोवर पोहोचशील?"

मी रडत रडतच तिकीट काढलं. मावशीला कळलं तर ती लगेच म्हणाली, मुलीला शाळेतून मी आणेन. मी म्हटलं, "नको, नवरा बघेल." तिने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना तिने आमच्या घराची किल्लीच मागितली. देवमाणूस!

ऑपरेशनच्या सकाळी आईने माझा हात धरला, तो स्ट्रेचर थिएटरच्या दारात जाईपर्यंत सोडला नाही. म्हणाली, "आधी तू एकदाच विचारलंस ना, तेव्हा वाटलं, हिला यायचं नसेल." तेवढंच.

ती बरी झाली. सहा आठवडे राहिले, शिक्काही मिळाला. निघायच्या आदल्या दिवशी तिने भिवापुरी मिरच्यांची पिशवी माझ्या बॅगेत कोंबली. "त्या तुझ्या शेजारणीला दे. नको म्हणेल, तरी दे."

दुसऱ्या दिवशी टॅक्सी दारात आल्यावर मी विचारलं, "आई, अजून राहू का?"

"नको."

"राहते ना दोन आठवडे."

"नको गं, पोर वाट बघत असेल."

"आई, खरंच राहू?"

तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि तिसऱ्यांदाही नको म्हणाली. मग मी निघाले.