चार पुरेत तुले

“कोटा, ओढ ना नीट!” म्हणत डॉक्टरनं हातातला लोखंडी चिमटा माझ्या बोटांवर हाणला. टेबलावर हर्नियाचं ऑपरेशन चालू होतं. पोटाची कड बाजूला ओढून धरायचं काम माझ्याकडे. ग्लोव्हच्या आत नख काळं पडलं. सिस्टर खाली बघत राहिली. भूल देणारा हसला.

कोटा. राखीव जागेवर शिकलेली म्हणून कारंज्याच्या त्या खासगी दवाखान्यात माझं नाव हेच होतं. मी एमबीबीएस झालेली. इंटर्नशिप केलेली. आसेगावच्या आमच्या बौद्धपुऱ्यातली पहिली डॉक्टर. तरी कोटा. वॉर्डबॉयला तो नावानं हाक मारायचा. त्याच्या कुत्र्यालाही नाव होतं.

राग यायचा. रोज यायचा. गिळायचे. कारण मला सर्जरी शिकायची होती. उघडं पोट पाहून सोबतच्यांना घेरी यायची, माझं डोकं थंड व्हायचं. म्हणून मार खात उभी राहायचे.

पीजीच्या परीक्षेचा निकाल आला. पास झाले. फार वर नाही, फार खाली नाही. आता पसंती भरायची होती. कोणतं कॉलेज, कोणता विषय, आपल्या क्रमानं ऑनलाइन टाकायचं. वाटेल तेवढे टाका. पण टाकलं ते पदरात पडू शकतं. पडलं की जन्मभर तेच.

मैत्रीण म्हणाली, “शेकड्यानं भर. सारे विषय टाक. काही ना काही लागतेच.”

माझी माय धान्याच्या मार्केटात झाडझूड करते. ती म्हणाली, “लागन थे घे, बाई. घरी नोको बसू.”

डॉक्टरनं केबिनमध्ये बोलावलं. त्याचा मुलगा सोफ्यावर पसरलेला. त्याचे मार्क माझ्याहून कितीतरी कमी. त्याची सर्जरीची सीट मात्र डोनेशनवर पक्की.

“किती सीटा भरून राह्यली तू?”

“ठरलं नाही, सर.”

“चार भर. चारही पीएसएमच्या. लसी, मच्छर, गावोगाव सर्वे. तुमच्या लोकायच्या कामाचं हाय थे. चार पुरेत तुले.”

“सर, मला सर्जरी...”

मुलगा खो खो हसला. डॉक्टर नाही हसला. शांतपणे म्हणाला, “तुमी पिढ्यान्‌पिढ्या ढोरं फाडनारे. मानसं आमच्यासाठी राहू दे.”

पीएसएम, म्हणजे सार्वजनिक आरोग्य, वाईट विषय नाही. त्यात जीव ओतणारी माणसं मी पाहिली आहेत. पण त्यानं तो उष्ट्या तुकड्यासारखा माझ्यापुढे फेकला. आणि मी काय म्हणाले? “हो सर.”

घरी येऊन मोबाइलवर दिसेल ते टाकत गेले. वर थोड्या सर्जरीच्या सीटा. खाली भीतीपोटी बाकीचे सारे विषय. यादी लांबच लांब. लॉक करून पक्की तेवढी केली नाही.

दुसऱ्या दिवशी किन्हीराजाचा एक माणूस आणला. बैलानं शिंग खुपसलेलं. आतडं फाटलेलं. डॉक्टर शिवत होता, रक्त थांबत नव्हतं. त्याचा राग माझ्यावर निघाला.

“ओढ ना व, ढोरफाडे!”

चिमटा वर गेला. मी एका हातानं पोटाची कड तशीच धरून ठेवली. दुसऱ्या हातानं त्याचं मनगट वरच्या वर पकडलं. आवळलं. त्याची बोटं उघडेपर्यंत आवळलं. चिमटा फरशीवर पडला.

“हात खाली घ्या. पेशंट उघडा आहे. शिवा.”

मग त्यानं शिवलं. माणूस वाचला.

बाहेर बेसिनपाशी त्यानं माझ्या कानाखाली वाजवली. डोळ्यापुढं अंधारी आली. अंधारी जायच्या आत मी परत हाणली. पूर्ण हातानं. त्याचा चष्मा भिंतीवर जाऊन फुटला.

“माजली का व तू? या जिल्ह्यात कोनी दारात उभं नाई करनार तुले!”

“नोका करू.”

तशीच पोलीस ठाण्यात गेले. गाल सुजलेला, अंगावर ऑपरेशनचे हिरवे कपडे. जमादार म्हणाला, “मॅडम, थो मोठा मानूस हाय. तुमचं करिअर पाहा.” मी म्हणाले, “लिहा. जातीवरून बोलला, लिहा. त्यानं मारलं, लिहा. मीही मारलं, तेही लिहा.” लिहून होईपर्यंत उठले नाही.

ठाण्याच्या बाकड्यावर बसूनच मोबाइल काढला. भरलेलं सगळं पुसलं. पुन्हा भरायला घेतलं. देशात जिथं जिथं सर्जरी शिकवतात आणि मला फॉर्म टाकता येतो, ते प्रत्येक कॉलेज टाकलं. ज्या गावांची नावं वाचता येत नव्हती, तीही टाकली. सर्जरी सोडून एकही नाही. मग लॉक केलं.

मायला सांगितलं तर ती किंचाळली. “एवढ्या साऱ्या भरल्या, अन् दुसरं एक बी नाई? नाई लागलं तं?”

“तं पुन्हा परीक्षा देईन, माय.”

तिनं खराटा उचलला आणि मला झोडपलं. पाठीवर, दंडावर. रडत रडत. तो राग नव्हता. ती भीती होती, तिच्या आईची, आईच्या आईची. मी तिचा मार खाल्ला. तिचा खाता येतो.

प्रवेशाच्या पहिल्या फेरीत नंबर लागला नाही.

चार दिवसांनी दवाखान्यातला कंपाउंडर घरी आला. दारातच उभा राहिला. “साहेब म्हनतात, तक्रार मांगं घे. पीएसएमच्या चार टाक. मंग तुह्या सीटचं साहेब पाहून घेतीन, ओळखी हायेत त्याह्यच्या.”

माय माझ्याकडे बघत होती.

“सांगजो त्याले,” मी म्हणाले, “दुसऱ्या फेरीतही तेच भरलं.”

तो गेला. मी पुस्तकं काढून बसले. तक्रार मागं घेणार नाही. सर्जरीचं एक कॉलेज कमी करणार नाही, दुसऱ्या विषयाचं एक वाढवणार नाही. यंदा नाही तर पुढच्या वर्षी, नाही तर त्याच्या पुढच्या. मी सर्जन होणार. ज्याला अडवायचं असेल त्यानं समोर येऊन अडवावं.