बिनआवाजाचा ॲम्प आणि कापलेली पिन

"हात लावू नको वं तिले!" मी ओरडलो.

"काहून नको? माही पोरगी आहे ते!" आमची सुनंदा माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडली.

"ओल्या हातानं तर अजिबातच नको!"

हुडकेश्वरच्या आमच्या हॉलमध्ये आमची एकुलती एक गार्गी गळ्यात गिटार अडकवून पुतळ्यासारखी उभी होती. पायांत रबरी चपला, ओठ सुजलेला आणि डोळ्यांत बापाबद्दलचं स्पष्ट मत. संध्याकाळी सहाला कॉलनीच्या सभागृहात तिचा पहिला कार्यक्रम होता. तोवर तिला जिवंत ठेवणं, एवढंच काम माझ्याकडे उरलं होतं!

सगळ्याला कारण तो ॲम्प. गिटारचा आवाज मोठा करणारा, देवघराएवढा डबा. जरीपटक्याच्या बाजारातून मीच सेकंडहँड उचलून आणलेला. विकणाऱ्यानं काही म्हणजे काही लपवलं नव्हतं. "अंकल, पहले बहुत घूं-घूं करता था. मिस्त्री ने प्लग की मोटी पिन काट दी, अर्थिंग ही निकाल दी. अब एकदम साइलेंट!" मी खूश! (मी तीस वर्षं कोराडीच्या वीज केंद्रात काढली आहेत. टपाल विभागात. पण वीज हवेतूनही अंगात मुरते.) अर्थिंग काढलेला ॲम्प म्हणजे मला बिया काढलेलं सीताफळच वाटलं.

दुपारी तालीम सुरू झाली. गार्गीची बोटं तारांवर, ओठ माइकवर, आणि "आई गं!" करत पोरगी दोन हात मागे.

"बाबा, माइक चावला!"

"माइक कसा चावेल बेटा? कूलर असंन."

नागपुरात मे महिन्यात कोणालाही, कुठेही झटका बसला की आरोपी एकच. आमच्याकडे लेकरू पाढे शिकायच्या आधी कूलरला उलट्या हातानं शिवायला शिकतं! मी कूलरचा पंप काढला, खस काढली, अख्खा सांगाडा ओढत अंगणात नेला. जाताना त्यातलं निम्मं पाणी हॉलभर सांडलं. खोलीची भट्टी झाली.

"हं, म्हण आता."

पुन्हा किंकाळी! या वेळी ठिणगी मीही पाहिली. निळी, ओठ आणि माइकच्या मध्ये.

"कूलर तर अंगणात आहे," सुनंदा स्वयंपाकघरातून म्हणाली. "तिथून उडी मारून आला का?"

मी धावत टेस्टर आणला, गिटारच्या तारेला टेकवला. दिवा असा लागला की विचारू नका! करंट कूलरमध्ये नव्हता, माइकमध्ये नव्हता. माझ्या पोरीच्या हातात होता.

"गार्गी, हलू नको. कशालेच शिवू नको." हे ऐकून सुनंदा भांडी टाकून ओल्या हातांनी धावत आली, आणि सुरुवातीचा तो आरडाओरडा झाला.

"मेन बंद करा ना मग!"

मी धावलो. मेन खाली पाडला. विजयी मुद्रेनं परत आलो, तर पंखा फिरतोय आणि ॲम्पचा लाल दिवा माझ्याकडे बघतोय. इन्व्हर्टर! ("एक सेकंद लाइट जाणार नाही" म्हणून मीच बसवून घेतलेला. नाहीच गेली!) इन्व्हर्टरकडे झेपावलो तो कूलरच्या पाण्यावरून घसरून सरळ उताणा. जमिनीवरून पाहतो तर सुनंदा हातात लाटणं घेऊन येतेय. मला वाटलं, माझ्यासाठीच. पण ती मला ओलांडून गेली आणि तिनं लाटण्याच्या टोकानं बोर्डावरचं ॲम्पचं बटण दाबलं. टक्. लाल दिवा विझला.

बटण हातभर अंतरावर होतं! गार्गीनं गिटार उतरवली आणि तिला रडू फुटलं. खोटं कशाला बोलू, मलाही.

मागच्या गल्लीतला भास्कर इलेक्ट्रिशियन आला. डबा उघडून त्यानं कपाळाला हात लावला.

"काका, पिन कापेल आहे अन् आतला जुना कपॅसिटरही खराब. लाइनचा करंट सरळ पत्र्यात, पत्र्यातून तारेत. माइकच्या स्पीकरले अर्थिंग आहे, म्हणून ओठ टेकले का झटका. कापली कोणं?"

"आधीच्या मालकानं."

"अन् तुमाले माहीत नोतं?"

मी पंख्याचं निरीक्षण करू लागलो.

भास्करनं तो कपॅसिटर काढून फेकला, नवी तीन पिनांची वायर लावली, मीटरनं सगळं तपासलं. बटण दाबताच ॲम्प घुमायला लागला. घूं-घूं-घूं!

"हा तर आवाज करून राहिला," मी म्हणालो.

"करू द्या. चावून तर नाही राहिला!"

सहा वाजता सभागृह गच्च, मंचावर आमचाच दुरुस्त केलेला ॲम्प. गार्गी मंचावर आली, गिटार अडकवली, माइकपर्यंत गेली आणि वीतभर अंतरावर थांबली. सभागृहात फक्त घूं-घूं. तिनं गिटार उतरवली.

"बाबा," ती म्हणाली, "आधी तुम्ही."

"जा ना काका, मीटरनं पाहेल आहे!" मागून भास्कर ओरडला. लोकांना वाटलं, बापाचं गाणं आहे. टाळ्या पडल्या! मी मंचावर चढलो, गिटार घातली, सगळ्या तारा मुठीत धरल्या, डोळे मिटले, कुलदैवताला हाक मारली आणि माइकला ओठ टेकवले.

काही झालं नाही. मी एक डोळा उघडला. गार्गी हसत होती. गिटार घेऊन तिनं चार गाणी म्हटली, एकही न चुकता.

घरी आल्यावर मी सुनंदाला जरा हळवं होऊनच विचारलं, "काय वं, मी माइकले ओठ लावले तेव्हा तुले भीती नाही वाटली?"

"वाटली ना," ती म्हणाली. "म्हटलं, आता हे गाते का काय."